बाली बघायची तर डोंगराकडून समुद्राकडे

बालीच्या सहलीचा साचा ठरलेला असतो. कुटा नाहीतर सेमिन्याकला हॉटेल, एक दिवस उबुद, एक दिवस इन्स्टाग्रामवर गाजलेलं 'स्वर्गाचं दार', एका संध्याकाळी ताना लोतचा सूर्यास्त आणि मधे कुठेतरी दरीवरचा झोका. ठिकाणं सगळी बघण्यासारखी आहेत, पण या क्रमाने त्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे कळतच नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळी देवळं सारखी वाटायला लागतात आणि लोक परत किनाऱ्यावर जाऊन बसतात.

संबंध आहे, आणि तो पाण्याचा आहे. बेटाच्या मधोमध ज्वालामुखींची रांग, त्यांच्या कुशीत चार तळी, तळ्यांकाठी देवळं. तिथून झिरपलेलं पाणी खाली झऱ्यांच्या रूपाने वर येतं, तिथे पुन्हा देवळं. झऱ्यांवरून पाट निघतात, पाटांवर भातशेती, शेतांत छोटी देवळं, आणि शेवटी समुद्राच्या कड्यांवर आणखी देवळं. बालीच्या माणसाच्या लेखी दिशासुद्धा याच आहेत: डोंगराकडची ती 'काजा' आणि समुद्राकडची ती 'कलोद'. त्यामुळे दक्षिण बालीत काजा म्हणजे उत्तर, तर डोंगरापलीकडच्या सिंगराजात काजा म्हणजे दक्षिण. गावातलं मूळपुरुषांचं देऊळ, म्हणजे पुरा पुसेह, काजाकडे असतं, आणि स्मशानाशेजारचं पुरा दालेम कलोदकडे. आपणही याच दिशेने, वरून खाली यावं. पहिल्या तीन-चार रात्री उबुदला आणि शेवटच्या दोन दक्षिणेला, असा मुक्काम ठेवला की हे सहज जमतं.

देवळात शिरण्यापूर्वी

बेटावरचे ८५ टक्क्यांहून जास्त लोक हिंदू आहेत हे ऐकून आपण दर्शनाच्या तयारीने जातो, आणि तिथेच पहिली निराशा होते. गाभारा नाही, मूर्ती नाही, रांग नाही. बालीचं देऊळ म्हणजे उघड्या आभाळाखालची एकामागोमाग तीन आवारं. बाहेरच्या आवारात दुभंगलेल्या दारातून जातात. एकच शिखर मधोमध चिरून दोन्ही अर्धे बाजूला सरकवावेत तसं ते दिसतं. सर्वांत आतल्या आवाराचं दार मात्र छत असलेलं, उंच आणि अरुंद. त्याच्यामागे लगेच एक आडवी भिंत असते, कारण दुष्ट शक्ती सरळ रेषेतच चालतात अशी समजूत आहे. माणसाने वळसा घालून आत जायचं.

आत दिसतात ते मेरू, म्हणजे काळ्या ताडतंतूंनी शाकारलेले छपरांचे मनोरे. छपरांची संख्या नेहमी विषम असते आणि जास्तीत जास्त अकरा. शिवाय पद्मासन: दगडी, उंच, रिकामं आसन. ते मुद्दामच रिकामं ठेवलेलं असतं. देव कायम तिथे राहत नाहीत, त्यांना बोलावलं की येतात. ते बोलावणं म्हणजे ओदालन, देवळाचा वर्धापनोत्सव. बहुतेक देवळांत तो २१० दिवसांच्या पावुकोन पंचांगाप्रमाणे येतो. एरवीच्या दिवशी देऊळ सुनं, कुलूपबंद वाटतं. ओदालनाला तेच देऊळ छत्र्या, पिवळी-पांढरी वस्त्रं, फळांचे उंच मनोरे आणि गामेलान या वाद्यवृंदाच्या आवाजाने भरून जातं. म्हणून रोज सकाळी ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारा: आज वाटेत कुठे ओदालन आहे का? बेटावर हजारो देवळं असल्याने बहुतेक दिवशी कुठेतरी असतंच. नाव नसलेल्या एखाद्या गावातलं ओदालन हे तिकीट काढून बघितलेल्या पाच देवळांपेक्षा जास्त शिकवून जातं, असं माझं ठाम मत आहे.

पोशाखाचा नियम सगळीकडे एकच आहे. कमरेखाली सरोंग, त्यावर कमरेला पट्टा, खांदे झाकलेले. पट्टा राहून जातो आणि मग दारावर अडवलं जातं. मोठ्या देवळांत दोन्ही वस्तू तिकिटासोबत मिळतात, पण गर्दीच्या वेळी त्या घामाने ओल्या झालेल्या असतात. पहिल्याच दिवशी बाजारातून स्वतःचा सरोंग घ्या, सगळ्या सहलीत उपयोगी पडतो. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांना आणि उघडी जखम असलेल्यांना प्रवेश नसतो, तसे फलक दारावरच असतात. २०२५च्या मार्चमध्ये बालीच्या गव्हर्नरांनी काढलेल्या परिपत्रकाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: पवित्र आतल्या आवारात फक्त पूजेसाठी, पारंपरिक वेशात जाता येईल. पूजा करायची खरोखर इच्छा असेल तर पांढऱ्या कपड्यातल्या पमांकूंना, म्हणजे देवळाच्या पुजाऱ्यांना, विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर वाद घालू नका.

परवानगी मिळाली तर क्रम माहीत असलेला बरा. जमिनीवर बसून पाच वेळा हात जोडून कपाळावर न्यायचे. पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा ओंजळ रिकामी, मधल्या तीन वेळा बोटांच्या टोकांत फूल. मग पमांकू तीर्थ शिंपडतात. उजव्या तळव्याला खालून डाव्याचा आधार देऊन तीनदा तीर्थ प्यायचं, तीनदा चेहऱ्यावरून हात फिरवायचा. शेवटी भिजवलेले तांदूळ मिळतात. ते कपाळावर चिकटवायचे, थोडे तोंडात टाकायचे. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा वाजता लाउडस्पीकरवर त्रिसंध्येची प्रार्थना लागते. नीट ऐका: तिचं पहिलं कडवं गायत्री मंत्राचं आहे.

रस्त्यावर, दुकानाच्या पायरीवर, स्कूटरच्या सीटवरसुद्धा नारळाच्या कोवळ्या पानांच्या छोट्या परड्या दिसतील. हे चनांग सारी, रोजचा नैवेद्य. उदबत्ती जळत असेल तर ओलांडू नका.

तळी

उबुदहून बातुरचा कडा तासा-सव्वा तासावर आहे. सकाळी सात-साडेसातपर्यंत कड्यावरच्या पनलोकानला पोहोचा, कारण दहा-अकरानंतर ढग खाली उतरतात आणि पैसे देऊन धुकं बघावं लागतं. समोर एका प्रचंड जुन्या विवराच्या आत १,७१७ मीटरचा नवा ज्वालामुखी उभा आहे आणि त्याच्या पायाशी बालीचं सर्वांत मोठं तळं. या तळ्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी राखेच्या आणि खडकाच्या थरांतून झिरपत जातं. दक्षिणेकडच्या उतारांवरच्या झऱ्यांची मालकीण म्हणून लोक तळ्याच्या देवीला, देवी दानूला, मानतात ते त्यामुळेच.

तिचं देऊळ, पुरा उलुन दानू बातुर, पनलोकानपासून कड्यावरच्या रस्त्याने थोडं पुढे आहे. ते पूर्वी खाली तळ्याकाठी होतं. १९२६च्या उद्रेकात गाव आणि देऊळ लाव्ह्याखाली गेलं, तेव्हा गावकऱ्यांनी ते वर नव्याने उभारलं. बहुतेक गाड्या इथे न थांबता कॉफीच्या मळ्याकडे वळतात. उलट करा: देवळात अर्धा तास द्या आणि कॉफीचा मळा सोडा. उदमांजराच्या विष्ठेतून निवडलेल्या बियांच्या 'लुवाक' कॉफीच्या नावाखाली तिथे पिंजऱ्यात ठेवलेली उदमांजरं असतात, आणि ती बघवत नाहीत.

ब्रातान तळ्यातलं उलुन दानू ब्रातान हे फोटोतलं प्रसिद्ध देऊळ. पन्नास हजार रुपियांच्या जुन्या नोटेवर हेच चित्र होतं. परंपरेने ते १६३३चं मानतात. तळं १,२०० मीटरहून उंचावर आहे, त्यामुळे अंगावर काहीतरी घ्या. आठच्या आत गेलात तर पाणी स्थिर असतं. नंतर स्पीडबोटी सुरू होतात आणि प्रतिबिंब मोडतं.

बेसाकी या वाटेवरून थोडं बाजूला, गुनुंग आगुंग या ज्वालामुखीच्या उतारावर आहे. ते एक देऊळ समजून जाऊ नका. मधलं पनतारान आगुंग धरून एकूण २३ देवळांचा तो समूह आहे. १९६३ साली इथे एकादश रुद्र हा शंभर वर्षांतून एकदा येणारा यज्ञविधी चालू असतानाच आगुंगचा उद्रेक झाला. लाव्हा समूहाच्या अगदी जवळून गेला, देवळं वाचली, पण उतारावरच्या गावांतली हजाराहून जास्त माणसं गेली. तो विधी १९७९मध्ये पुन्हा पूर्ण केला गेला. ध्वजांचे रंग बघा: मधल्या देवळात शिवाचा पांढरा, उजवीकडच्या किदुलिंग क्रेतेगमध्ये ब्रह्माचा लाल, डावीकडच्या बातू मादेगमध्ये विष्णूचा काळा. पूर्वी इथे गाइड म्हणवणारे लोक दारातच गळ्यात पडत. आता मोठा वाहनतळ, तिथून वर नेणारी बॅटरीवरची गाडी आणि तिकिटातच गाइड अशी व्यवस्था आहे. दारावर आणखी कोणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

झरे

बातुरहून खाली उतरताना तंपकसिरिंग लागतं. इथलं तीर्त एम्पुल दहाव्या शतकापासूनचं आहे, शिलालेखातला काळ इसवी सन ९६२च्या सुमाराचा. कथा अशी की मायादेनव राजाने विषारी पाणी पाजून इंद्राची सेना मारली, तेव्हा इंद्राने जमिनीत शस्त्र खुपसून हा झरा काढला. बहुतेक लोक धारांखालच्या रांगेचा फोटो काढून निघून जातात. त्याआधी आतल्या बाजूचं चौकोनी कुंड बघा. पाणी काचेसारखं स्वच्छ, तळाला काळी वाळू, आणि त्या वाळूतून जागोजागी झरा उकळल्यासारखा वर येतो. मध्येच एक ढग उठतो, विरतो, शेजारी दुसरा उठतो. वर विवरात झिरपलेलं पाणी जमिनीतून कसं वर येतं ते इथे डोळ्यांनी दिसतं.

मेलुकात, म्हणजे शुद्धिस्नान, करायचं असेल तर पद्धत अशी आहे. बघायला दिलेला सरोंग नेसून पाण्यात उतरता येत नाही. स्नानासाठी वेगळा सरोंग भाड्याने मिळतो, सोबत लॉकर. चनांग विकत घेऊन आधी कुंडासमोरच्या जागी ठेवायचं, हात जोडायचे, मग डाव्या टोकाने पाण्यात उतरायचं. एकेका धारेखाली हात जोडून थांबायचं, तोंड धुवायचं, चूळ भरायची, डोकं धारेखाली धरायचं आणि उजवीकडच्या धारेकडे सरकायचं. ओळीतल्या दोन धारा मृतांच्या विधींसाठी राखलेल्या आहेत, तिथे थांबायचं नाही. पुढच्या माणसाकडे बघत नुसते सरकत गेलात तर तीच चूक होते, म्हणून उतरण्यापूर्वी तिथल्या सेवकाला त्या धारा कोणत्या ते दाखवायला सांगा. पाणी थंडगार असतं, तळाचे दगड बुळबुळीत. चूळ भरा पण पाणी गिळू नका, वरचा झरा कितीही स्वच्छ असला तरी कुंडात शेकडो माणसं उतरलेली असतात. कोरडे कपडे बरोबर हवेतच, ओल्या अंगाने आतल्या आवारात जाता येत नाही. आठला पोहोचलात तर रांग लहान असते. पौर्णिमेला स्थानिक लोक मोठ्या संख्येने येतात. त्या दिवशी बघायला जावं, स्नानाची रांग त्यांना सोडावी.

वरच्या टेकडीवरचा आधुनिक बंगला सुकार्णोंच्या काळात, १९५०च्या दशकात बांधलेला राष्ट्रपती निवास आहे.

तीर्त एम्पुलजवळच्या पाकेरिसान नदीवर थोडं खाली गुनुंग कावी आहे. बालीत एकच पुरातन ठिकाण बघायला वेळ असेल तर मी हे सांगेन. नदीच्या दोन्ही काठांच्या कड्यांत अकराव्या शतकात कोरलेली दहा स्मारकं, सात-सात मीटर उंच, प्रत्येक आपापल्या कोनाड्यात. ती उदयन राजाच्या वंशाशी, विशेषतः अनाक वुंगसू या राजाशी जोडली जातात. खाली उतरायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि तेवढ्याच परत चढायच्या. दुपारी बारा ते तीन हे करू नका, पायऱ्यांवर सावली कमी आहे. गुडघे कुरकुरत असतील तर तीर्त एम्पुलनंतर लगेच इथे न येता दुसऱ्या सकाळी या.

गोआ गजा उबुदच्या अगदी जवळ, म्हणून तिथे बसगाड्यांची गर्दी. राक्षसी जबड्यातून आत शिरलं की टी आकाराची छोटी गुहा, एका टोकाला गणपती, दुसऱ्या टोकाला एकाच बैठकीवर तीन लिंगं. बाहेरची स्नानकुंडं १९५४ साली उत्खननात सापडली, तोवर ती मातीखाली होती. गुहेला दहा मिनिटं पुरतात. उरलेला वेळ मागच्या दरीत द्या, तिथे ओढ्यात कोसळलेले बौद्ध स्तूपांचे कोरीव तुकडे पडलेले आहेत. जवळच्या पेजेंगमध्ये पुरा पनतारान सासीह या देवळात उंच मचाणावर कांस्ययुगीन नगारा ठेवला आहे. तो १८६ सेंटीमीटर उंच आहे. खालून नीट दिसत नाही, दुर्बीण असेल तर न्या.

शेतं

आता ते पाणी शेतात येतं, आणि माझ्या मते बालीची खरी करामत इथे आहे. एका पाटावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांची संघटना म्हणजे सुबक. ही व्यवस्था नवव्या शतकापासूनची मानली जाते. तिचा प्रमुख पकासेह, तो शेतकऱ्यांनीच निवडलेला. पाणीवाटपासाठी ना झडप, ना मीटर. पाटात आडवा टाकलेला ओंडका, त्यात कोरलेल्या खाचा. कुणाच्या वाट्याला किती पाणी हे खाचेच्या रुंदीवर ठरतं. पाणी कमी झालं तरी सगळ्यांचं त्याच प्रमाणात कमी होतं. बांधावरून चालताना पाट जिथे फुटतो तिथे वाकून बघा. आता बऱ्याच ठिकाणी ओंडक्याऐवजी सिमेंट आहे, पण खाचा त्याच हिशोबाच्या.

देवळाचं काम काय, हे १९७०च्या दशकात अगदी कठोरपणे कळलं. हरितक्रांतीच्या धोरणात शेतकऱ्यांना जास्त उत्पन्नाचं बियाणं देऊन जमेल तितक्या वेळा, ज्याला हवं तेव्हा पेरायला सांगितलं गेलं. पाणी-देवळांची वेळापत्रकं बाजूला पडली. थोड्याच वर्षांत पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि तुडतुड्यांनी पिकं खाल्ली. कारण साधं होतं. शेजारशेजारच्या सगळ्या शेतांनी एकाच वेळी भात काढून जमीन पाण्याखाली ठेवली तर किडीला खायला काही उरत नाही आणि ती मरते. पण संपूर्ण खोऱ्याने एकाच वेळी लावणी केली तर पाणी पुरत नाही. या दोन्हींमधला तोल, म्हणजे कुठल्या सुबकांनी एकत्र पेरायचं आणि कुणी थांबायचं, हे पाणी-देवळांतल्या बैठकींत ठरत असे. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी पुढे संगणकावर खोऱ्याचं प्रतिरूप करून दाखवलं की देवळांचं जुनं वेळापत्रक जवळपास सर्वोत्तम होतं. २०१२ साली युनेस्कोने सुबकचा सांस्कृतिक भूप्रदेश जागतिक वारसा यादीत घेतला. त्यात बातुरचं तळं आणि देऊळ, पाकेरिसानचं खोरं, बातुकारूच्या उतारावरची शेतं आणि मेंगवीचं तमन आयुन हे सगळं एकत्र आहे.

शेतं बघायला जातीलुविह. उबुदहून दीड तास, रस्ता अरुंद, पण उंची साधारण ७०० मीटर असल्याने हवा सुखद. शेकडो हेक्टरांवर पसरलेली पायऱ्यांची शेतं आणि आखलेल्या पायवाटा. स्थानिक लाल भात तयार व्हायला पाच-सहा महिने घेतो, त्यामुळे शेत कुठल्या अवस्थेत आहे हे जाण्यापूर्वी हॉटेलला विचारा. लावणीनंतर पाण्याचे आरसे दिसतात, मग हिरवं, मग सोनेरी, आणि कापणीनंतर काही आठवडे नुसता चिखल. तगलालांग उबुदपासून जवळ आहे, सुंदरही आहे, पण तिथे झोक्यांनी आणि कॅफेंनी शेताला घेरलंय. वेळ असेल तर जातीलुविहच.

परतताना मेंगवीचं तमन आयुन. १६३४ साली राजघराण्याने बांधलं, सगळीकडून खंदक. आतल्या आवारात जाता येत नाही, पण बुटक्या भिंतीला लागून पूर्ण फेरी मारता येते. मेरूंची रांग इतकी नीट दुसरीकडे कुठे दिसत नाही. मी कोणालाही पहिलं देऊळ म्हणून हेच दाखवेन.

वाटेवर नसलेलं, तरी चुकवू नये असं

क्लुंगकुंगचं केर्ता गोसा हे जुन्या राज्याचं न्यायमंडप. छतावर कामासान शैलीतली चित्रं ओळींनी रंगवलेली आहेत, वेळोवेळी नव्याने केलेली. खालच्या ओळीत तंत्री कथा, म्हणजे पंचतंत्राची बालीतली भावंडं. त्याच्या वर भीम-स्वर्गाची कथा: पंडू आणि माद्रीचे आत्मे सोडवायला भीम यमलोकात जातो. कुठल्या पापाला कोणती शिक्षा, हे वादी-प्रतिवादींच्या डोक्यावरच रंगवलेलं. भीम ओळखायला दोन खुणा: कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकटींचं वस्त्र आणि अंगठ्याचं लांब नख. सोबत त्वालेन आणि मर्दाह हे त्याचे दोन सेवक असतात. मान अवघडते, म्हणून एकेक बाजू बघून खाली बसावं. याच राजवाड्यासमोर २८ एप्रिल १९०८ रोजी राजा आणि त्याचे लोक डच बंदुकांना सामोरे जाऊन मरण पावले. बालीतलं शेवटचं स्वतंत्र राज्य तेव्हा संपलं.

पूर्वेकडे तनगानान गावात गरिंगसिंग हे दोन्हीकडचे धागे आधी रंगवून विणलेलं कापड होतं. असं दुहेरी इकत जगात भारत, जपान आणि इथेच परंपरेने विणतात. एका कापडाला वर्षानुवर्षं लागतात, तेव्हा स्वस्तात मिळालं तर ते गरिंगसिंग नव्हे.

आणि ते 'स्वर्गाचं दार'. लेंपुयांगच्या खालच्या देवळाच्या त्या दारासमोर तळं नाही. फोटोतलं पाणी म्हणजे कॅमेऱ्याखाली धरलेला आरसा. त्या एका फोटोसाठी टोकन घेऊन दोन-दोन तास थांबावं लागतं. दार आणि त्यामागचा आगुंग बघायला रांग लागत नाही, बाजूने बघा. चालायची ताकद असेल तर वरच्या मूळ देवळापर्यंत १,७०० पायऱ्या आहेत आणि तिथे रांग नाही.

पंचांग, कागद, पैसे

बालीत शालिवाहन शकच चालतो, त्यामुळे त्यांचं नववर्ष, न्यपी, आपल्या पाडव्याच्या आसपास येतं. २०२६ला दोन्ही १९ मार्चलाच. अधिक महिना वेगळा धरला गेला की महिन्याचा फरक पडतो: २०२४ला न्यपी ११ मार्चला होती आणि पाडवा ९ एप्रिलला. न्यपीला विमानतळ २४ तास बंद असतो, रस्त्यावर कोणालाही, पर्यटकालाही, फिरता येत नाही, दिवे मंद ठेवावे लागतात. तिकीट काढण्यापूर्वी ही तारीख तपासा. पण ती टाळू नका, जमलं तर साधा. आधीच्या दिवसांत देवांना समुद्रावर नेण्याच्या मेलास्तीच्या मिरवणुका असतात आणि आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह हे राक्षसांचे प्रचंड पुतळे निघतात. गालुंगान हा सण २१० दिवसांनी, नेहमी बुधवारी येतो: १७ जून २०२६, मग १३ जानेवारी २०२७. दहा दिवसांनी कुनिंगान. त्या काळात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेंजोर या वाकलेल्या बांबूंच्या कमानी असतात, मात्र कारागिरांची दुकानं आणि काही ड्रायव्हर सुट्टीवर.

भारतीयांना आगमनानंतरचा व्हिसा मिळतो: ५ लाख रुपिया, ३० दिवस, एकदा वाढवता येतो. ऑनलाइन आधी काढला तर विमानतळावरची एक रांग वाचते. बालीचा वेगळा पर्यटक कर दीड लाख रुपिया, १४ फेब्रुवारी २०२४पासून. 'लव्ह बाली' या सरकारी संकेतस्थळावर भरा आणि क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा. देवळांची तिकिटं साधारण ३० हजारांपासून दीड लाखापर्यंत, म्हणून छोट्या नोटा जवळ असू द्या.

पैसे बदलताना फलकावर सगळ्यांत चढा दर असलेलं गल्लीतलं दुकान टाळा. तिथे छोट्या नोटांची चळत मोजून दाखवतात आणि शेवटच्या मोजणीत काही नोटा काउंटरमागे पडतात. नोटा तुम्ही मोजल्यावर परत त्यांच्या हातात देऊ नका. एटीएममधून अनेकदा आधी पैसे येतात आणि नंतर कार्ड, त्यामुळे पैसे घेऊन निघाल्यावर कार्ड आतच राहतं.

स्कूटर घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का हवाच. नसेल तर पोलिसांचा दंड तर आहेच, पण अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते हे जास्त महाग पडतं. डोंगरातल्या दिवसांसाठी दहा तासांची गाडी ड्रायव्हरसकट ठरवणं सगळ्यांत सोयीचं.

शाकाहारींनी फक्त 'मांस नको' म्हणून भागत नाही. मिरचीच्या सांबालमध्ये तरासी म्हणजे कोळंबीचा गोळा असतो आणि बाजूचे कुरकुरीत पापड बहुधा कोळंबीचेच. 'तान्पा तरासी' हे दोन शब्द पाठ करा. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू सगळीकडे मिळतात.

समुद्र

ताना लोत खडकावर आहे, आणि खडकापर्यंत चालत जाता येईल की नाही हे भरती-ओहोटीवर ठरतं. त्या दिवसाचं कोष्टक बघून ओहोटीच्या वेळी जा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते. देवळात वर जाता येत नाही, पण खडकाच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा झरा आहे. चारी बाजूंनी समुद्र आणि मधे गोडं पाणी. पुजारी ते तीर्थ देतात, कपाळावर तांदूळ लावतात. देऊळ सोळाव्या शतकातल्या दांग ह्यांग निरर्थ या ब्राह्मणाशी जोडलेलं आहे. रिकाम्या पद्मासनाची प्रथाही त्यांच्याच नावावर सांगतात. लाटांनी खडक झिजून देऊळ कोसळायला आलं, तेव्हा १९८०च्या दशकात जपानच्या कर्जातून दुरुस्ती झाली. आज दिसणाऱ्या खडकाचा मोठा भाग कृत्रिम आहे, आणि तो इतका बेमालूम जमलाय की सांगितल्याशिवाय कळत नाही.

उलुवातू दक्षिण टोकाला, सुमारे ७० मीटर उंच कड्यावर. माकडं इथली खरी मालक. चष्मा, टोपी, कानातलं, सैल फोन सगळं बॅगेत. ती वस्तू पळवतात आणि खाऊ मिळेपर्यंत सोडत नाहीत. मोठी माकडं तर जास्त मोलाची वस्तू निवडून मोठा मोबदला वसूल करतात, हे संशोधकांनी नोंदवलंय. ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही त्यांनी दोरी बांधून घ्यावी. पळवलाच तर मागे धावू नका. सेवकांकडे फळं असतात, त्यांना बोलवा.

संध्याकाळी सहाला कड्यावरच्या रंगमंचावर केचाक होतं. एकही वाद्य नाही. गोल करून बसलेले पुरुष 'चाक-चाक'चे तुकडे एकमेकांत अडकवत पूर्ण ताल गळ्यातून उभा करतात, आणि मधे रामायण: सीताहरणापासून हनुमानाने लंका जाळेपर्यंत. आजचं रूप १९३०च्या दशकात जुन्या सांघ्यांग या अंगात येण्याच्या विधीतल्या गायनावरून घडलं. त्यात वायान लिंबाक हे नर्तक आणि वॉल्टर स्पीस हे जर्मन चित्रकार दोघांचाही हात होता. जागा राखीव नसतात. पाचच्या आत रांगेत लागा आणि समुद्राकडे तोंड असलेल्या वरच्या ओळी पकडा. पश्चिमेचं ऊन पहिला अर्धा तास थेट डोळ्यांवर येतं, पण मागे सूर्य बुडताना दिसतो तो तिथूनच. सर्वांत पुढच्या ओळीत लहान मुलं घेऊन बसू नका, शेवटी पेटलेला कडबा लाथेने उडवतात. प्रयोग संपल्यावर सगळ्या गाड्या एकाच अरुंद रस्त्याने निघतात, आणि तिथे रात्री ॲपवरून गाडी मिळणं कठीण. परतीचा ड्रायव्हर आधीच ठरवून ठेवा, त्याला गाडी दाराच्या दिशेला तोंड करून लावायला सांगा, आणि त्या रात्रीचं विमान असेल तर केचाक दुसऱ्या दिवशी ठेवा.